वाइल्ड स्टीलहेड: धरायचा कसा, सोडायचा कसा आणि कधी नदीवर जायचंच नाही

सिअ‍ॅटल, पोर्टलंड, व्हँकुव्हर या पट्ट्यात आता मराठी माणसं भरपूर झालीत, आणि त्यातली पालघर, रायगड, सिंधुदुर्गकडची जी मंडळी आहेत ती इथे आल्यावर वर्षा-दोन वर्षांत फिशिंग लायसन्स काढतातच, गरवायची सवय काही सुटत नाही. आधी लेकमध्ये सोडलेला ट्राउट होतो, मग थंडीत पिअरवर स्क्विड, मग विषम वर्षी येणारा पिंक सॅमन, आणि मग कोणीतरी सांगतं की हे सगळं ठीक आहे पण खरा मासा म्हणजे स्टीलहेड. त्या टप्प्याला पोचलेल्यांसाठी हे लिहितेय.

कसा पकडायचा याचे व्हिडिओ ढीगभर आहेत, ते बघा. मी लिहितेय ते पकडायला जायच्या आधी, मासा हातात आल्यावर आणि घरी परतल्यावर काय करायचं याबद्दल. हा मासा अडचणीत आहे. जानेवारीच्या पावसात, थंडगार पाण्यात उभं राहून त्याच्याकडे बघणारं गळ टाकणाऱ्यांशिवाय फारसं कोणी नाही, म्हणून गळ टाकणारे नदीवर राहिलेच पाहिजेत असं माझं ठाम मत आहे, पण ते नीट वागले तरच, नाहीतर त्यांनी घरी बसलेलं माशाला जास्त परवडेल.

आधी मासा समजून घ्या

स्टीलहेड आणि रेनबो ट्राउट ही एकच जात. एकाच नदीतली काही पिल्लं जन्मभर तिथेच राहून रेनबो होतात आणि काही समुद्रात जाऊन, मोठी होऊन, स्टीलहेड म्हणून परत येतात. समुद्राला जाणारं पिल्लू आधी नदीत साधारण दोन वर्षं काढतं, कुठे एक, कुठे तीन. पिंक आणि चम सॅमनची पिल्लं जन्मली की थोड्याच दिवसांत समुद्राकडे निघतात, त्यांचं तसं बरं असतं, पण स्टीलहेडच्या पिल्लाला त्या नदीतले दोन-दोन उन्हाळे काढायचे असतात, म्हणजे नदी उन्हाळाभर थंड पाहिजे, वाहती पाहिजे, काठावर झाडं पाहिजेत. या माशाच्या निम्म्या अडचणी इथूनच सुरू होतात.

मग पॅसिफिकमध्ये दोन-तीन वर्षं खाऊन तो आठ-दहा पाउंडाचा, कधी वीसच्याही वर, होऊन आपल्याच नदीत येतो. विंटर रन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल येतो आणि लवकरच अंडी घालतो. समर रन मे ते ऑक्टोबर येतो पण अंडी घालायला पुढचा वसंत उजाडतो, म्हणजे तो मासा कित्येक महिने नदीत जवळजवळ काही न खाता, साठवलेल्या चरबीवर काढतो. त्याला आपण पाण्याबाहेर धरून दमवलं तर ते त्याच साठ्यातून जातं, भरून निघत नाही.

आणि सॅमनसारखा हा अंडी घालून मरतोच असं नाही. काही मासे, त्यातही जास्त करून माद्या, परत समुद्रात जातात आणि पुन्हा येतात. त्या परतीच्या माशाला इथे केल्ट म्हणतात, त्याबद्दल खाली लिहिलंय.

१९६९ पासून हा वॉशिंग्टनचा राज्यमासा आहे आणि तरी हाल बघा. प्युजेट साउंडमधला स्टीलहेड २००७ पासून धोक्यातल्या जातींच्या फेडरल यादीत आहे, स्नेक नदीच्या खोऱ्यातला १९९७ पासून. कॅनडात थॉम्पसन आणि चिलकोटिन नद्यांचा स्टीलहेड २०१८ मध्ये तिथल्या तज्ज्ञ समितीने तातडीने नामशेष व्हायच्या मार्गावर असल्याचं सांगितलं, सरकारने त्यावर तातडीचं संरक्षण दिलं नाही. आणि आपल्यापैकी बेलव्ह्यू-रेडमंड-कर्कलंडला राहणाऱ्यांसाठी तर घराजवळची गोष्ट आहे, लेक वॉशिंग्टनमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विंटर स्टीलहेड हजारोंनी यायचे, बॅलार्ड लॉक्समधून (समुद्र आणि लेकमधल्या बोटींच्या जलदरवाज्यांतून) आत शिरायचे, ते १९९४ पर्यंत शंभराच्या आत आले आणि आता जवळजवळ संपले. लॉक्सच्या तोंडाशी सी लायन त्यांना खायचे म्हणून सगळा दोष त्या प्राण्यांवर गेला, पण अरुंद लॉक, सिमेंट केलेले ओढे, काठापर्यंत आलेली घरं हे आधीच होऊन बसलेलं होतं.

वाइल्ड की हॅचरी, हे दोन सेकंदांत ओळखता आलं पाहिजे

पाठीवरचा मोठा पर आणि शेपूट यांच्या मध्ये एक छोटा मांसल पर असतो, त्याला अ‍ॅडिपोज फिन म्हणतात. वाइल्ड म्हणजे नदीतच जन्मलेला, हॅचरीचा म्हणजे केंद्रात पैदा करून, वाढवून नदीत सोडलेला. हॅचरीतल्या पिल्लांचा हा पर सोडायच्या आधी कापतात. तो पर शाबूत असेल तर मासा वाइल्ड धरायचा आणि सोडायचा. पर नसेल आणि त्या जागी भरून आलेली गुळगुळीत खूण असेल तर हॅचरीचा. खूण ताजी, लालसर वाटली तर तो हॅचरीचा मासा नव्हे, कोणीतरी नदीवर कापलेला वाइल्ड मासा असू शकतो. शंका असेल तर सोडून द्या. आणि हे सगळं मासा पाण्यात असतानाच बघायचं, कारण वॉशिंग्टनमध्ये जो स्टीलहेड ठेवायचा नाही तो पाण्यातून पूर्ण बाहेर काढणं हेच नियमाविरुद्ध आहे. फोटोसाठी दोन्ही हातांत उचलून धरलेला वाइल्ड स्टीलहेड फेसबुकवर टाकणारे स्वतःच्याच विरुद्ध पुरावा टाकत असतात, एवढं लक्षात ठेवा.

आता हॅचरीचा मासा मिळाला आणि त्या नदीवर ठेवायची परवानगी असेल तर ठेवा, बिनधास्त ठेवा. आपल्याकडे काही जणांना वाटतं की सोडणं हेच नेहमी पुण्याचं. इथे तसं नाही. हॅचरीचा मासा नदीत राहिला तर तो वाइल्ड माशाबरोबर अंडी घालतो, आणि ऑरेगनच्या हूड नदीवरच्या अभ्यासात (२००७ मध्ये तो ‘सायन्स’ या नियतकालिकात आला) दिसलं की हॅचरीत वाढवलेल्या प्रत्येक पिढीमागे नदीत गेल्यावर पिल्लं देण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. म्हणजे वंश पातळ होत जातो. म्हणून हॅचरीचा मासा घरी आणणं हे वाइल्ड माशाच्या फायद्याचं काम आहे. लगेच मारा, कल्ले कापून रक्त काढा, बर्फात ठेवा आणि घरी त्याचं काय करायचं ते मी सांगायला नको, तुकड्या तळा नाहीतर आमसूल घालून कालवण करा, मांस गुलाबी-केशरी आणि तेलकट असतं म्हणून तेल कमी लागतं. मादी असेल तर गाभोळीही खाता येते.

हॅचरी विरुद्ध वाइल्ड हा वाद लांबचा वाटत असेल तर कावेरीकडे बघा. लोणावळ्याच्या हॅचरीतली निळ्या पराच्या महसीरची पिल्लं चांगल्या हेतूनेच कावेरीत सोडली गेली, ती तिथे फोफावली आणि कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर मागे पडत गेला, आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. आणि हे कळलं कशावरून, तर कावेरीकाठच्या गालिबोरे कॅम्पवर गरवायला येणाऱ्यांनी १९९८ ते २०१२ मध्ये वह्यांत लिहून ठेवलेल्या नोंदींवरून, कुठला मासा, किती मोठा, किती वेळ लागला. त्या वह्या नसत्या तर मूळचा मासा कधी कमी झाला हे कोणाला सांगताच आलं नसतं. गळ टाकणाऱ्याचं काम काय असतं हे मला या एका गोष्टीतून जितकं पटलं तितकं कशातूनच पटलं नाही.

निघायच्या आधी

लायसन्स १५ वर्षांपासून पुढच्या सगळ्यांना लागतं (वॉशिंग्टनमध्ये, ऑरेगनमध्ये १२ पासून), आणि वॉशिंग्टनमध्ये स्टीलहेड-सॅमनसाठी कॅच रेकॉर्ड कार्ड (पकडलेल्या माशांची नोंद करायचं कार्ड) लहान मुलांनाही लागतं. भारतातून आलेले आई-बाबा नुसते काठावर बसले तर काही नाही, पण रॉड हातात घेतला की त्यांनाही लायसन्स, थोड्या दिवसांचं मिळतं, ते काढा.

नियम आदल्या रात्री बघा आणि सकाळी निघताना परत बघा. फिश वॉशिंग्टन अ‍ॅपवर नदीचं नाव टाकलं की कळतं, पण इमर्जन्सी रूल वेगळे बघायची सवय ठेवा, कारण मासे कमी आले की मधेच सीझन बंद होतो आणि छापलेलं पुस्तक तेव्हा उपयोगाचं नसतं. ऑलिम्पिक पेनिन्सुलाच्या नद्यांवर, होह, बोगाशिल, सोल डक या भागात, डिसेंबर २०२० पासून नियम फार कडक झाले: बहुतेक ठिकाणी बोटीतून गळ टाकायचा नाही (बोटीतून जा, उतरा, मग टाका), आमिष लावायचं नाही, एकच टोक असलेला, उलटा काटा नसलेला गळ. बरेच जुने लोक यावर चिडले. मला तो नियम बरोबर वाटतो, कारण बोट गेली की माशाला नदीचा मधला भाग, जिथे काठावरून पोचता येत नाही, विश्रांतीला मिळतो.

थर्मामीटर घ्या. दहा-पंधरा डॉलरचा मिळतो आणि उन्हाळ्यात रॉडपेक्षा तो महत्त्वाचा. पाणी ६८ फॅरनहाइट म्हणजे २० सेल्सिअसला गेलं की रॉड गुंडाळायचा, मी तर ६५ लाच सांगेन. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी असतो आणि झुंजून दमलेला मासा तुमच्यासमोर छान पोहत गेला तरी नंतर मरू शकतो. कोलंबिया नदीवर उन्हाळ्यात मासे थंड ओढ्यांच्या तोंडाशी गर्दी करून थांबतात, तिथे पकडणं फार सोपं असतं आणि म्हणूनच तिथे टाकू नये, ऑरेगनने अशा काही जागा २०२० पासून उन्हाळ्यात बंदच केल्यात. आपल्याकडे पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओढ्यातून चढतात तेव्हा पोरंसोरंही टोपलीने पकडतात, आणि नेमकं तेव्हाच ते गाभोळीने भरलेले असतात, हातात येणं सोपं आणि नुकसान सगळ्यात मोठं, तसाच हा प्रकार.

सामान

रॉड-रील जे असेल ते चालेल, पण दोरा बारीक नको. बारीक दोऱ्यावर मोठा मासा खेळवला म्हणून मित्र कौतुक करतात, पण मासा वीस मिनिटं झुंजला की अर्धमेला होतो. विंटरला १२-१५ पाउंडाचा लीडर (गळाजवळचा दोऱ्याचा तुकडा) लावा आणि मासा लवकर काठाशी आणा.

गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. नीट झालं की नाही हे बघायला गळ कापडात घालून ओढा, सहज निघाला पाहिजे. चमचा किंवा स्पिनर या धातूच्या चकाकत्या नकली आमिषांवर तीन टोकांचा गळ येतो तो काढून एक टोकाचा, सिवॉश नावाचा गळ लावा, मासे सुटतील असं वाटतं, पण दोरा ताठ ठेवलात तर फार सुटत नाहीत. गाभोळीचं किंवा कोळंबीचं आमिष मासा गिळतो आणि गळ कल्ल्यांपर्यंत जातो, तिथून रक्त यायला लागलं की त्या माशाची आशा कमी, म्हणून जिथे वाइल्ड मासे असतात तिथे आमिष परवानगी असली तरी मी लावू नका म्हणेन. माशाच्या अंड्यासारखा दिसणारा मणी वापरत असाल तर गळापासून दोन इंचांच्या आत ठेवा, लांब ठेवला तर गळ तोंडात न लागता बाहेरून गालात, डोळ्यात लागतो.

जाळी रबराची, गाठी नसलेली. नायलॉनच्या गाठीवाल्या जाळीने खवले निघतात आणि पर फाटतात. लांब चिमटा खिशात नको, गळ्यात लटकवा. आणि बूट, वेडर्स (पाण्यात उभं राहायची वॉटरप्रूफ पँट) घरी येऊन धुवा आणि पूर्ण वाळवा, न्यूझीलंड मड स्नेल नावाची बारीक गोगलगाय बुटांतून एका नदीतून दुसरीकडे जाते.

मासा लागल्यावर

तो पळतोय तोपर्यंत पळू द्या, थांबला की रॉड आडवी करून बाजूने ओढ द्या. रॉड सरळ वर धरून वाट बघत बसलं की झुंज लांबते. शक्य असेल तर चालत माशाच्या खालच्या बाजूला जा, म्हणजे त्याला प्रवाहाशीही झुंजायला लागेल, नाहीतर प्रवाहाचं ओझंसुद्धा तुमच्या दोऱ्यावर येतं.

काठावर ओढून आणायचा नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. दगडांवर आपटून डोकं फुटतं, बाहेरून काही दिसत नाही आणि मासा नंतर मरतो. गुडघाभर पाण्यात, जिथे प्रवाह संथ आहे तिथे उभे राहा आणि जाळीत घ्या, जाळी पाण्यातच ठेवा. हात ओले करा, हातमोजे काढा. अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं कातडीवरचं औषध आहे, कोरड्या हाताने तो निघतो आणि बुरशी लागते. एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा छातीच्या परांखाली नुसता आधाराला. पोट दाबायचं नाही, मादी असेल तर आत हजारो अंडी असतात. कल्ल्यांत बोटं घालायची नाहीत, कधीच नाही. चिमट्याने गळ आल्या वाटेने मागे काढा. खोल गेला असेल तर ओढत बसू नका, दोरा गळाजवळ कापा आणि सोडा, गळ एक दोन डॉलरचा असतो.

फोटो काढायचाच असेल तर मित्राला आधी कॅमेरा तयार ठेवायला सांगा, मासा पाण्यातच, अर्धं अंग पाण्यात, एक क्लिक, झालं. जिथे नियमाने उचलता येतो तिथेसुद्धा दहा सेकंदांच्या वर नको. आणि हवा शून्याच्या खाली असेल तर अजिबात नको, ओले कल्ले आणि डोळे गोठतात.

सोडताना तोंड प्रवाहाकडे करून धरा, पुढेमागे हलवू नका, हे फार जण करतात आणि मागे ओढताना पाणी कल्ल्यांतून उलटं जातं. त्याने स्वतः जोर लावला की हात सोडा. एक मिनिट लागो, पाच लागोत.

एवढं नीट केलं तरी सोडणं फुकट नसतं

राज्याचे लोक हिशोब करताना सोडलेल्या स्टीलहेडपैकी १० टक्के मेले असं धरूनच चालतात. प्रत्यक्षात नीट हाताळलेले, थंड पाण्यातले मासे त्याहून जास्त वाचत असतील, पण नियम बनवताना आकडा हा धरला जातो. म्हणजे एखाद्या चांगल्या दिवशी दहा मासे पकडून दहाही सोडले तरी कागदावर तुम्ही एक मारला. आणि मासे जपायच्या नद्यांवर एकूण किती मेले तर चालतील याची मर्यादा ठरलेली असते, ती गाठली की सीझन सगळ्यांसाठी बंद. म्हणून माझी सरळ सूचना आहे, एक किंवा फार तर दोन वाइल्ड मासे झाले की त्या दिवसापुरतं थांबा. थर्मास काढा, चहा प्या, दुसऱ्याला जागा द्या. ऑरेगनच्या नॉर्थ अम्पक्वा नदीवर तर काही जण गळाचं टोकच कापून टाकतात, मासा उसळून फ्लाय (पिसांची नकली माशी) धरतो तेवढं बघायचं आणि पुरे. सगळ्यांना ते जमणार नाही, मान्य, पण मोजून थांबणं कोणालाही जमतं.

केल्ट लागला तर लगेच ओळखा: लांबट, पोट आत गेलेलं, डोकं मोठं वाटणारं, बहुतेक मार्च ते मे, आणि भुकेला असल्यामुळे पटकन गळाला लागणारा. तो परतीच्या वाटेवर आहे आणि वाचला तर पुन्हा अंडी घालायला येणार आहे. एक केल्ट लागला की त्या जागेवरून हला, कारण तिथे बहुतेक अजून असतील.

अंड्यांवर पाय नको

मादी शेपटीने गोटे उकरून खड्डा करते, अंडी घालते आणि वरून गोटे ढकलते, या जागेला रेड म्हणतात. बाकीच्या तळावर शेवाळ असतं आणि रेडची जागा स्वच्छ, फिकट, लंबगोल दिसते, दीड-दोन मीटर लांब, बहुतेक डोहाच्या शेवटी जिथे पाणी उथळ होऊन पुढे पडायला लागतं तिथे. मार्चपासून पिल्लं बाहेर पडेपर्यंत अशा जागांवर उतरायचं नाही, आणि मासे त्यावर दिसत असतील तर गळ टाकायचा नाही, कितीही मोह झाला तरी. पिल्लं गोट्यांमधून बाहेर यायला जून-जुलै उजाडतो, आणि मेच्या शेवटी ट्राउटचा सीझन उघडला की सगळे नदीत उतरतात तेव्हा नेमकी ती पिल्लं पायाखाली असतात. पोलराइज्ड चष्मा घाला, तळ दिसतो.

मुलांना नदीवर सहा-आठ इंची ट्राउट पकडायला न्यायचं तर थोडं थांबा. ज्या नदीत स्टीलहेड येतो तिथला तो छोटा ट्राउट बऱ्याच वेळा समुद्राला निघालेलं स्टीलहेडचं पिल्लू असतो. मुलांना स्टॉक केलेल्या लेकवर न्या, तिथे मासा घरीही आणता येतो आणि मुलं खूष.

घरी परतल्यावरचं काम

हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि माझ्या मते हाच सगळ्यात उपयोगाचा आहे.

नदीवर क्लिपबोर्ड घेऊन विचारायला येणाऱ्या माणसाला खरं सांगा, किती तास, किती मासे, वाइल्ड किती, एकही नाही मिळाला तर तेही. जागा लपवायची म्हणून लोक आकडे लपवतात, मग अंदाज चुकतो आणि सीझन चुकीच्या वेळी उघडतो किंवा बंद होतो. कॅच रेकॉर्ड कार्ड ३० एप्रिलपर्यंत भरायचं, कोरं असलं तरी. स्वतःची एक वहीसुद्धा ठेवा: तारीख, नदी, पाण्याचं तापमान, मासा, अ‍ॅडिपोज फिन आहे की नाही.

कोणी वाइल्ड मासा मारताना किंवा बंद पाण्यात गळ टाकताना दिसला तर भांडायला जाऊ नका, गाडीचा नंबर आणि जागा लिहा आणि राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याला कळवा. एकच विनंती, जाळी टाकणारा नेटिव्ह अमेरिकन दिसला की तो चोर असं समजू नका. १८५० च्या दशकातल्या करारांनी त्यांचा हा हक्क राखलेला आहे, १९७४ च्या बोल्ट निकालाने (फेडरल न्यायाधीश बोल्ट यांचा निकाल) तो पक्का झाला, आणि आज त्या जमाती राज्याच्या बरोबरीने माशांचं व्यवस्थापन करतात. त्यांनीच कोर्टात लढून रस्त्याखालचे मासे अडवणारे पाइप बदलायला राज्याला भाग पाडलं, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टातही तो निकाल टिकला. त्या पाइपांच्या वरचे कितीतरी ओढे आता माशांना खुले होतायत, आपल्याला त्याचा फायदा आयता मिळतो.

गाडी चालवणाऱ्या प्रत्येकासाठी अजून एक. टायरच्या झिजेतून निघणारं एक रसायन, ६पीपीडी-क्विनोन, पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात जाऊन कोहो सॅमन मारतं हे २०२० मध्ये कळलं, स्टीलहेडलाही ते बाधतं. तेच पाणी मातीतून झिरपून गेलं की बरंच निर्धोक होतं. घराभोवती जागा असेल तर छताचं आणि ड्राइव्हवेचं पाणी रेन गार्डनमध्ये (पाणी मुरवायच्या खोलगट बागेत) सोडा, काही शहरं त्यासाठी पैसेही देतात. आणि हिवाळ्यात नदीकाठी झाडं लावायचे शनिवार असतात, त्याला कुटुंबासकट जा, गमबूट आणि थर्मास एवढंच लागतं.

गळ टाकणाऱ्यांनी मनावर घेतलं तर काय होतं हे वॉशिंग्टनमधल्या स्कॅजिट नदीवर दिसलं. तिथला वसंतातला पकडा-आणि-सोडा सीझन २०१० पासून बंद होता. काही जण दर वर्षी काठावर जमून बिनगळाच्या रॉडने कास्ट करत राहिले, ऑक्युपाय स्कॅजिट म्हणून, पण नुसतं उभं राहिले नाहीत, मासे किती येतायत याचे आकडे घेऊन मीटिंगांना बसले, आणि राज्य आणि जमातींनी केलेला आराखडा मंजूर होऊन २०१८ मध्ये नदी उघडली, आणि उघडली ती मासे मोजायच्या अटीवर. उलट बाजूला २०२१ मध्ये नॉर्थ अम्पक्वावर समर स्टीलहेड इतके कमी आले की मुख्य नदीवर गळ टाकणं बंद झालं, आणि तिथे वर्षानुवर्षं येणाऱ्या बऱ्याच जणांनी ती बंदी स्वतःहून मागितली होती. मला दोन्ही सारखेच मोठे वाटतात. आणि वॉशिंग्टनमधल्या एल्व्हा नदीवर २०११ ते २०१४ मध्ये दोन धरणं पाडल्यावर शंभर वर्षं वरच्या अंगाला अडकलेल्या रेनबोंच्या वंशातून समर स्टीलहेड पुन्हा तयार झाला. मासा स्वतःचं बघतो, त्याला फक्त वाट मोकळी हवी.

म्हणून मीटिंगला जा. वॉशिंग्टनमध्ये किनाऱ्यावरच्या नद्यांसाठी सीझनच्या आधी शरद ऋतूत ऑनलाइन टाउन हॉल होतात, फिश अँड वाइल्डलाइफ कमिशनच्या मीटिंगलाही झूमवरून बोलता येतं, सिटिझन असायची अट नाही, एच-वनवाले, ग्रीनकार्डवाले कोणीही बोलू शकतं. मोजकीच मिनिटं मिळतात, त्यामुळे भाषण नको. नदीचं नाव सांगा, तुम्ही कुठल्या महिन्यात तिथे होता ते सांगा, पाणी किती गरम होतं, रेड कुठे दिसले, मासे किती दिसले, आणि तुम्हाला काय हवंय ते एका वाक्यात, सीझन उघडा, बंद करा, नाहीतर मोजणीला पैसे द्या. वहीतलं पान समोर ठेवून वाचलंत तरी चालतं.